राग सांग, आणि कारणही

आमच्या घरातल्या मुलांनी ओळखलेला पहिला राग यमनही नव्हता आणि भूपही नव्हता. तो शिवरंजनी होता. सकाळच्या प्रसारणाआधी आकाशवाणीची ती तानपुऱ्यावरची व्हायोलिनची धून लागायची. आजी स्टोव्हला पंप मारता मारता विचारायची, "कुठला रे हा?" रोज तीच धून, रोज तेच उत्तर, तरी विचारण्यात खंड नसायचा. युरोपातून आश्रयाला आलेल्या वॉल्टर कॉफमन नावाच्या संगीतकारानं 1936 साली ती धून बांधली, हे आम्हाला फार पुढे कळलं. तोवर ती आमच्यासाठी आजीचीच होती, आणि पाच-सहा सुरांत राग ओळखता येतो हा विश्वास आम्हाला तिनंच दिला.

आमचं घर आरे कॉलनीत होतं, डेअरीच्या कर्मचाऱ्यांच्या बैठ्या घरांपैकी एक. मुंबईतले म्हशींचे गोठे शहराबाहेर हलवायचे आणि लोकांना चांगलं दूध द्यायचं, या विचारानं दारा खुरोडींनी 1949 साली गोरेगावच्या या डोंगराळ जागेत वसाहत उभी करायला घेतली. 1951 साली नेहरूंच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. बत्तीस युनिटं, सोळा हजारांच्या आसपास म्हशी, आणि शहरात जाणाऱ्या काचेच्या बाटल्या. बाबा आणि काका दोघंही डेअरीत नोकरीला. घरात आजी, आई, काकू, लग्नाची व्हायची आत्या आणि आम्ही भावंडं. सख्खी कोण, चुलत कोण, हा हिशेब तेव्हा कुणी करत नसे.

रेडिओ व्हॉल्व्हचा होता. पोस्टात वर्षाचे पैसे भरून त्याचा परवाना नवा करून आणणं हे काकांचं काम. जाळीची एरियल छपराच्या वाशाला बांधलेली. आकाशवाणीचे मनोरे पश्चिमेला मालाडच्या मार्वे बाजूला, आमच्यापासून फार दूर नव्हेत, त्यामुळे मुंबई केंद्र आमच्याकडे स्वच्छ लागायचं. या रेडिओची एक खोड होती, आणि आमचा खेळ तिच्यातूनच जन्माला आला. बटण फिरवलं की आत नारिंगी उजेड हळूहळू यायचा, व्हॉल्व्ह तापायचे आणि मग लांबून चालत यावा तसा आवाज मोठा होत यायचा. तेवढ्या वेळात निवेदिकेनं कलावंताचं नाव, रागाचं नाव, साथीदार, सगळं सांगून टाकलेलं असायचं. आमच्या हाती लागायचं ते सुरू झालेलं गाणं. कोण गातंय, काय गातंय, हे तुकड्यावरूनच ठरवायचं. आणि गाणं संपल्यावर निवेदिका पुन्हा एकदा सगळं सांगायची, तो निकाल. त्या निकालावर कुणी अपील करत नसे.

रेडिओ आधीच लावून तापवून ठेवता आला असता. काकूनं ते एकदा सुचवलंही. पण कुणालाही ते नको होतं.

आजीचा नियम एकच. नुसतं नाव चालणार नाही, कारण सांगायचं. "मारवा" म्हटलंस तर पुरिया का नाही ते सांग. दोघांचे स्वर तेच, सोहनीचेही तेच. मग कशावरून? काका सांगत की मारवा रिषभ-धैवतावर उभा असतो आणि षड्जाला टाळत राहतो, पुरिया खाली मंद्रात निषाद-गंधाराशी रमतो, आणि सोहनी वरच्या षड्जापाशीच नाचते. काका थोडंफार शिकलेले होते. आजी मुळीच शिकलेली नव्हती. तिचं कारण वेगळ्या भाषेत यायचं: "हा घरी परत यायचं नाव घेत नाही, म्हणून मारवा." दोन्ही कारणं ग्राह्य धरली जात. कारण नसलेलं बरोबर उत्तर मात्र बाद. चुकीच्या उत्तराचं कारण चांगलं असेल तर आजी त्याला अर्धं बक्षीस द्यायची, म्हणजे ताटात चमचाभर जास्त साय. दुधाच्या वसाहतीत सायीची वाण नव्हती, तरी त्या सायीचा मान मोठा.

आजीचे कान कुठे तयार झाले, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. तिचं माहेर गिरगावात. तिच्या थोरल्या भावाकडे फोनो होता आणि हिराबाई बडोदेकर, अब्दुल करीम खाँ यांच्या तबकड्या. त्या काळच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. मैफलीत तासभर फुलणारा राग गायकाला तेवढ्यात मांडावा लागे. नको ते गाळून, रागाचा जीव ज्या जागांत आहे तेवढ्याच जागा घेऊन. 1902 साली गौहर जाननं पहिल्या तबकड्या दिल्या तेव्हा शेवटी स्वतःचं नावही सांगून टाकलं, आणि ती रीत पुढेही काही काळ चालली. म्हणजे आमच्या आजीच्या पिढीची सगळी शाळाच तुकड्यांची होती. मोठ्या मैफली तिला कुठे मिळणार? बायकांना रात्री बाहेर पडायची मुभा नाही. तीन मिनिटांत ऐकलेला पटदीप तिनं जन्मभर पुरवला. थोडक्यावरून ओळखणं हा अलीकडच्या उतावळेपणाचा प्रकार आहे असं कुणी म्हणालं की मला आजी आठवते आणि ते मुळीच पटत नाही.

आत्याची वाट नाटकांतून गेलेली. 'स्वयंवर' 1916 सालचं, आत्याच्या जन्माआधीचं. पण भास्करबुवा बखल्यांनी त्याला दिलेल्या चाली तिला पाठ होत्या. यमन म्हटलं की त्यातलं एक पद, बिहाग म्हटलं की दुसरं. रेडिओवर ख्याल सुरू झाला की ती ओठातल्या ओठात नाट्यपद म्हणून बघायची. ते त्या सुरांत बसलं तर राग सापडला. काकांना हे अशास्त्रीय वाटे. आजीला नाही. मुंबई-पुण्याकडच्या कितीतरी मराठी घरांत राग असेच नाटकाच्या दारानं आले, आणि मला त्या दाराबद्दल आजही कृतज्ञता वाटते.

हळूहळू आम्ही मुलंही खुणा गोळा करू लागलो. गायक तोंड उघडायच्या आत पुष्कळ काही कळतं. तानपुऱ्याची पहिली तार पंचमाऐवजी मध्यमाला लागली असेल तर मालकंसाकडे कान न्यायचा. निषादाला असेल तर मारवा-पुरियाकडे. ठेका फार संथ एकतालाचा असेल तर किराण्याचं कुणी असेल. झुमरा असेल तर आधी अमीर खाँचं नाव घ्यायचं. तिलवाडा आला की ग्वाल्हेर. आधी नोमतोम असेल तर आग्रा. साथीला सारंगी आहे की पेटी, यावरही वाद व्हायचे, कारण आकाशवाणीनं 1940 पासून पेटीला बंदी घातली होती आणि ती उठायला 1971 साल उजाडलं. पेटी ऐकू आली की काका म्हणत, हे स्टुडिओतलं नव्हे, तबकडी लावली आहे. तबकडी म्हटलं की नावांची यादी आखडायची, उत्तर सोपं व्हायचं.

माणूस ओळखणं त्याहून सोपं आणि त्याहून अवघड. गंगूबाई हनगल पहिल्यांदा ऐकल्या तेव्हा आम्ही सगळ्या मुलांनी छातीठोकपणे पुरुषाचं नाव सांगितलं होतं. कुमार गंधर्व मात्र लहानगाही ओळखायचा. आजारानं एक फुफ्फुस निकामी झालेला तो माणूस लहान लहान झेपांत गायचा आणि प्रत्येक झेप जिथे पडायला हवी तिथेच पडायची. तबेल्यातले भैये अंधारात नुसत्या रेकण्यावरून आपली म्हैस ओळखत, तसे आम्ही 'आ'कार ओळखायला लागलो होतो.

त्या भैयांचं आमच्या खेळाशी फार जवळचं नातं जडलं. युनिटांवर काम करणारे बरेचजण जौनपूर, मिर्झापूरकडचे. बाबा त्यांच्या मनिऑर्डरीचे फॉर्म भरून देत, म्हणून संध्याकाळी ओट्यावर दोघं-तिघं असायचेच. श्रावणातली गोष्ट. रेडिओवर गिरिजादेवी लागल्या होत्या हे आवाजावरून आत्यानं सांगितलं, पण पुढे घोडं अडलं. काका म्हणाले, पिलूसारखं काहीतरी आहे. आत्या मिश्र खमाजावर अडून बसली. फॉर्मवर अंगठा उठवायला आलेला एक भैया दारातूनच म्हणाला, "ई त कजरी हौ, बाबूजी." आजीनं आपल्या मोडक्या हिंदीत त्यालाही कारण विचारलं. नियम म्हणजे नियम. तो आधी लाजला. मग म्हणाला, आमच्याकडे सावनात बायका झुल्यावर बसून हेच गातात, झुला पुढे जातो तेव्हा शब्द ओढतात आणि मागे येतो तेव्हा सोडतात. त्यानं हातानं तो झोका दाखवला. गाणं अजून चालू होतं. आम्ही सगळ्यांनी तो झोका गाण्यात ऐकला. एकदा दिसल्यावर तो ऐकू न येणं शक्यच नव्हतं. निवेदिकेनं शेवटी कजरीच सांगितली. त्या दिवसापासून कजरी, चैती, पूरबी दादरा हा त्याचा प्रांत झाला, आणि तिथे काकासुद्धा त्याच्या आधी बोलत नसत.

आरेतल्या रात्री शांत म्हणतात, पण त्या शांत कधीच नव्हत्या. पावसाळ्यात बेडूक, तबेल्यांच्या बाजूनं साखळ्यांचे आवाज, कधी कुत्र्यांचा एकदम उठणारा कल्लोळ, म्हणजे बिबट्या आसपास आहे. मैफलीला जायचं तर पार्ल्याच्या टिळक मंदिरापर्यंत जावं लागे, आणि परतताना गोरेगावहून आत यायला वाहन नाही, चालत यायची सोय नाही. मग पार्ल्यालाच नातेवाइकांकडे मुक्काम. हे वर्षातून फारदा जमत नसे. म्हणून शनिवारी रात्री साडेनऊचा राष्ट्रीय कार्यक्रम हीच आमची मैफल. तो 1952 साली सुरू झाला, म्हणजे आमच्या वसाहतीच्याच वयाचा. बाबांची पाळी पहाटे तीनची असली की त्यांना लवकर निजावं लागे. ते भिंतीपलीकडे अंथरुणावर पडून ऐकत, आणि आमचा वाद फार वाढला की आतून एकच शब्द यायचा, रागाचा. कारण सकाळी सांगत, पाळीवरून आल्यावर.

मल्लिकार्जुन मन्सूर लागले की मात्र बाबासुद्धा उठून बाहेर येत. मन्सूर अल्लादिया खाँच्या घराण्याचे, त्यांच्या मुलांकडे शिकलेले, आणि आडवाटेच्या रागांचं भांडारच. त्यांच्यापुढे आमच्या सगळ्या खुणा तोकड्या पडायच्या. "माहीत नाही" हे उत्तर आमच्याकडे चालत नसे. माहीत नसेल तर कशाच्या जवळचं आहे ते सांगायचं. एकदा घराचे उभे दोन भाग झाले. काका, आई आणि थोरला दादा म्हणत होते, हा बसंत आहे, ते कोमल स्वर ऐका. आत्या, काकू आणि मी म्हणत होतो, केदार, तो मध्यमावर जाऊन टेकणं ऐका. दोन्ही बाजूंना आपापल्या जागा स्पष्ट ऐकू येत होत्या, आणि दुसऱ्या बाजूला कशा येत नाहीत याचं नवल वाटत होतं. काकूचा स्वर चढला, जो एरवी दिरापुढे कधी चढत नसे. गाणं संपलं. निवेदिकेनं सांगितलं, बसंती केदार. जयपूर घराण्याचा जोडराग. एक क्षण कुणीच बोललं नाही, आणि मग जो हशा उठला त्यानं शेजारचे विचारायला आले. त्या रात्री साय सगळ्यांना मिळाली.

पुढे जे सगळ्या घरांचं होतं ते आमचं झालं. 1972 साली मुंबईला दूरदर्शन आलं, ट्रान्झिस्टर आला, त्याला तापावं लागत नसे आणि निवेदन पहिल्यापासून ऐकू येई. आजी गेली. बाबा-काका निवृत्त झाले तसे क्वार्टर सुटले. कुणी बोरिवलीला, कुणी डोंबिवलीला, थोरला दादा पुण्याला, धाकटा अमेरिकेत.

खेळ परत सुरू केला तो धाकट्यानंच, फोनवर. त्यानं भावंडांना वीस सेकंदांचा एक तुकडा पाठवला आणि खाली लिहिलं: राग सांगा, आणि कारणही. तासाभरात सगळ्यांचे निरोप आले. नंतर त्यात शेजारच्या क्वार्टरांमधली आमच्या वयाची मंडळी आली, आणि त्यांच्या ओळखीचे दोन-चार कानसेन, ज्यांना आम्ही कधी पाहिलेलं नाही, पण ज्यांचे कान आता आम्हाला चांगले परिचयाचे आहेत.

फोननं हा खेळ सोपा केला असं कुणालाही वाटेल. नाव शोधून देणारी सोय त्यातच आहे. न वापरण्याचं आम्ही एकमेकांना वचन दिलं आहे आणि ते पाळलं जातं, कारण कारण सांगायचं असल्यावर शोधलेल्या नावाचा उपयोग तरी काय? माझ्या मते फोननं खेळ अवघड केला, आणि त्यामुळे चांगला केला. आमच्या लहानपणी सगळ्यात मोठी खूण घड्याळाची होती, हे आम्ही कधी मान्य केलं नाही. आकाशवाणी रागांच्या वेळा पाळायची. सकाळी आठला सा-रे-ग-प-ध ऐकू आले तर तो देशकार, संध्याकाळी आले तर भूप. आम्ही मान डोलावत देशकार सांगायचो आणि कारण म्हणून काकांचं वाक्य फेकायचो, भूप गंधाराचा, देशकार धैवताचा. आता अमेरिकेतल्या धाकट्याच्या संध्याकाळी निघालेला तुकडा माझ्या सकाळी येऊन पडतो. घड्याळ गेलं. मग खरंच ऐकावं लागतं: हा गंधारापाशी घुटमळतोय का, खाली मंद्रात डोकावतोय का, म्हणजे भूप, की वरच्या अंगानं धैवत धरून बोलतोय, म्हणजे देशकार. काकांचं ते वाक्य मला साठीला आल्यावर कळलं. तोडी आणि मुलतानीचंही तेच. स्वर तेच सात, पण मुलतानी वर चढताना रिषभ-धैवत ओलांडून जाते, आणि दुपार आहे हे ठाऊक नसताना ते ओलांडणं कानानं पकडावं लागतं.

आत्याला मात्र हे वेळेवाचून ऐकणं रुचत नाही. ती आता नव्वदीकडे झुकली आहे. रात्री भैरवाचा तुकडा आला तर ती दोन सूर ऐकते, बंद करते आणि सकाळी उठून, तोंड धुऊन उत्तर देते. आम्ही तिच्यासाठी निकाल थांबवून ठेवतो.

जुन्या खुणांच्या जागी नव्या आल्या. तानपुरा बोटांनी छेडलेला आहे की यंत्राचा, यावरून ध्वनिमुद्रणाचं वय कळतं; यंत्राचा तानपुरा कधी दमत नाही, कधी पुढेमागे होत नाही. मागे खोकला ऐकू आला तर खासगी मैफल. जुन्या टेपचा वेग वाढलेला असला तर आवाज चढतो आणि माणूस ओळखायला फसवतो. धाकटा या सगळ्याचा उपयोग करून आम्हाला कोड्यात टाकतो. एकदा त्यानं जुन्या तबकडीतला बारीक, चढा, कोवळा बायकी आवाज पाठवला. सगळ्यांनी हिराबाई म्हटलं. आत्यानं फोन कानाला लावून चार वेळा ऐकला. तिचा निरोप आला, नातवाकडून लिहून घेतलेला: घर किराण्याचंच आहे, पण हिराबाई नव्हेत, हिराबाई सुरावर अलगद येतात, ही दबा धरून येते, सूर धरते आणि सोडत नाही, आवाज माझ्या ओळखीचा नाही पण हे धरणं गंगूबाईंचं आहे. त्या गंगूबाईच होत्या, 1930 च्या दशकातल्या, जेव्हा तबकडीवर 'गांधारी' असं नाव छापलं जाई, घशावरच्या उपचारानंतर आवाज खाली उतरायच्या आधीच्या. ज्या आवाजाला आम्ही मुलांनी पुरुष ठरवलं होतं, त्याचं मुलीचं रूप आत्यानं आवाज बाजूला ठेवून ओळखलं. आजी असती तर तिनं पातेलंच पुढे ठेवलं असतं.

सध्या आमच्यात एकाच तुकड्यावर वाद चालू आहे. क्वार्टर सुटायच्या आधीच्या एका पावसाळ्यात काकांनी नव्या टू-इन-वनवर रेडिओवरचं गाणं टेप केलं होतं. ती कॅसेट काकूच्या ट्रंकेत सापडली. मागे बेडूक आहेत, छपरावरचा पाऊस आहे, कुणीतरी भांडं ठेवल्याचा आवाज आहे. गौडमल्हार आहे यात दुमत नाही. पण निवेदन येण्याआधीच कॅसेट संपली आहे, त्यामुळे गाणारी कोण, हे सांगायला कुणी नाही. दादाच्या मते हे आग्र्याचं गाणं: बोल लयीशी ज्या तऱ्हेनं झुंजतात ते बघा, आणि आवाजातला तो भरदार रोखठोकपणा. मी ग्वाल्हेर म्हणते: ताना सरळ, सपाट, अडीच सप्तकांत आरपार जाणाऱ्या, आणि बंदिशीचे शब्द कुठेही मोडलेले नाहीत. मुंबईच्या कितीतरी रेडिओ कलावंतांनी दोन्हीकडे तालीम घेतलेली होती, हे दोघांनाही मान्य आहे, आणि त्यानं वाद मिटत नाही. आत्या म्हणते, तुम्ही दोघं अस्थायीवरच भांडताय, अंतरा पाठवा, अंतऱ्यात कळेल. धाकट्यानं कॅसेटची दुसरी बाजू साफ करून रविवारी अंतरा पाठवायचं कबूल केलं आहे. माझं मत अजून ग्वाल्हेरच आहे.